अप्पांचं माप

इंदूर
२७ सप्टेंबर १९९४

प्रिय रत्नू,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. समुद्राचं वर्णन पुरे आता, दोन पानं नुसत्या लाटा! खातोस काय, झोपतोस कुठे, ते लिहीत जा. शर्ट कापायच्या खात्यात तुला मास्टर केलं हे वाचल्यावर अप्पांनी पत्राची घडी करून खिशात घातली आणि थेट मिलच्या गेटवर गेले. मिल बंद होऊन दोन वर्षं झाली, गेटवर आता एक चौकीदार आणि चार म्हातारे, पण आपल्या वडिलांची हजेरी चुकत नाही. सगळ्यांना पत्र दाखवून आले. म्हणाले, एकतीस वर्षं मी साच्यावर कापड विणलं, आता पोरगा कापड कापतो, म्हणजे घरातून कापड काही सुटलं नाही.

इकडे सुरतेच्या प्लेगनं सगळं शहर डोक्यावर घेतलंय. जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरतो. मेडिकलवाल्यांकडे कॅप्सूल नाहीत. सुरतेची गाडी आली की स्टेशनवर पळापळ. शेजारच्या शोभनाकाकूनं तर उंबऱ्याबाहेर चुन्याची रेघ मारलीय. मी म्हटलं, काकू, उंदरांना वाचायला कोण शिकवणार? शाळा माझी आहे, पाठवा त्यांना. तेव्हापासून बोलत नाही.

अप्पांना चार दिवस बुखार होता. खोकला तर तुला माहीतच आहे, मिलच्या रुईचा, तो काय आजचा नाही. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली झांकी बघायला गेले होते. मिल बंद, पगार नाही, तरी या लोकांनी वर्गणी करून आपल्या मिलची झांकी काढलीच. तिथून भिजून आले आणि पडले. लगेच मोहल्ल्यात खुसुरफुसुर, ‘नथू को क्या हुआ?’ मी अस्पतालात नेलं. डॉक्टरनं छाती ऐकली, दवा दिली, म्हणाला प्लेग-बिग काही नाही, पण एक फोटो काढून घ्या. काढू पुढच्या हप्त्यात. तू उगाच जीवाला लावून घेऊ नकोस.

तुझी ताई,
यशोधरा


सांत मोरेल
१५ ऑक्टोबर १९९४

ताई,
जयभीम. हसू नकोस. तुझ्या पत्रामुळे मी कोंडवाड्यात आहे.

आधी या बेटाचं सरकार समजून घे. बेट एवढंसं, सकाळी सायकलवर निघालं की दुपारच्या जेवणाला परत त्याच जागी. मंत्री पाच. त्यातला एकच जण मासेमारी आणि आरोग्य दोन्ही बघतो. प्लेगची बातमी आल्यापासून हा रोज संध्याकाळी सात वाजता रेडिओवर बोलतो. सोमवारी म्हणाला, सगळ्यांनी फडकी बांधा. बुधवारी म्हणाला, फडक्यांमुळे लोक घाबरतात, बांधाल तर दंड. भारतातून आलेला कांदा समुद्रात ओतला. कापडाचे तागे धक्क्यावर जाळले, आता आमच्या फॅक्टरीत कापायला कापड नाही. आणि गंमत अशी की अख्ख्या बेटावर प्लेगचा एक रोगी नाही. एकसुद्धा नाही, ताई!

तर टपाल. भारताच्या प्रत्येक पत्राला चार भोकं पाडतात, गंधकाची धुरी देतात, आणि मग एका म्हाताऱ्या कारकुनाकडे वाचायला देतात. त्याचे पणजोबा बिहारातून इथे ऊस तोडायला आले होते. त्याला पोथीपुरती देवनागरी वाचता येते. मराठी त्याला कळलं नसतं, पण तुझं मराठी आपलं इंदुरी! बुखार, अस्पताल, दवा. बरोबर कळलं त्याला. लाल पेन्सिलीच्या तीन रेघा. दुसऱ्या दिवशी चार शिपाई फॅक्टरीत हजर.

मी म्हटलं, साहेब, मी चौदा महिने या बेटावरून हललो नाही. बुखार इंदूरला आहे, मी इथे आहे. साहेबानं विचारलं, पत्र कुणी हातात धरलं? मी म्हटलं, मी. मग चला.

हे मिठाचं जुनं गोदाम आहे. आम्ही सहा जण. भिंतीला हात लावला की हात खारट. ब्रेड दाराखालून सरकवतात. मला भीती वाटत नाही, राग येतो. राग काढायला कुणी नाही म्हणून तुला लिहितोय. जाणारी पत्रं इथे कुणी बघत नाही, येणारीच बघतात.

म्हणून नीट ऐक. त्यांनी आता अकरा शब्दांची यादी भिंतीवर लावली आहे. ताप, बुखार, खोकला, डॉक्टर, औषध, असे सगळे, मराठीसुद्धा घातलेत. दुसऱ्यांदा सापडलो तर फॅक्टरीतून नाव कमी. तेव्हा आजाराचा विषय बंद, आडून नाही, पाडून नाही. फोनचंही मनात आणू नकोस, भारताचा फोन बंद करून टाकलाय. अप्पांना आता बरं आहे ना? याचं उत्तर एका ओळीत दे, ‘सगळे छान आहेत.’ मी त्यावर भागवीन.

तुझा,
रत्नू


इंदूर
२९ ऑक्टोबर १९९४

प्रिय रत्नू,
जयभीम.

सगळे छान आहेत.

तुझं पत्र वाचून मी डोक्याला हात लावून बसले. माझ्या एका पत्रानं पोराला मिठात घातलं! त्या कारकुनाला माझा निरोप सांग, म्हणावं, माझ्या वर्गात असतास तर दिवसभर कोपऱ्यात उभा केला असता. वाच रे बाबा, हेही वाच. यात तुझ्या यादीतलं काही नाही.

तर, मी छान. अप्पा छान. मोहल्ला छान. शोभनाकाकूची रेघ पावसानं पुसली आणि ती आपणहून चहाला आली, म्हणजे तीही छान. सुरतेचा गोंधळ इथे आता थंडावलाय, सरकारी गाड्या गल्लीत पावडर मारून गेल्या. सगळ्यांनी शिंका दिल्या आणि विषय संपला.

चौदा ऑक्टोबरला मी विहारात जाऊन आले. अप्पा म्हणाले, यंदा मी घरूनच वंदना म्हणतो. पांढरा सदरा घालून, भिंतीला उशी लावून बसले आणि सगळी म्हटली. मधे थांबत थांबत, पण सगळी. गेटवर हल्ली जात नाहीत. गेटवरचे चौघे घरी येतात, त्यांना इथे बसायला बरं पडतं.

तुझं नाव रोज निघतं. तू लहानपणी आपल्या इथल्या लालबागच्या मेळ्यात हरवला होतास आणि एका कपड्याच्या दुकानात तागे मोजत सापडलास, ते अप्पा प्रत्येकाला सांगतात. चौघांना आता पाठ झालंय.

यापेक्षा जास्त छान मला लिहिता येत नाही.

तुझी ताई


सांत मोरेल
१६ नोव्हेंबर १९९४

ताई,
जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गोदामातून बाहेर येऊन पाच दिवस झाले होते. पिवळं पडलेलं, गंधकाच्या वासाचं, तरी तीनदा वाचलं. सगळे छान! बस, जीव भांड्यात पडला.

इथे लोक आता वैतागलेत. फॅक्टरीत काम नाही, बाजारात कांदा नाही, मसूर नाही. आमच्या बराकीत स्वयंपाक करणारी क्लेमांसबाई परवा सॉसपॅन आणि पळी घेऊन निघाली. मागे फॅक्टरीतल्या सगळ्या बाया. सरकारी बंगल्यासमोर दोन तास भांडी बडवली. कारण काय, तर मंत्र्याची मुलगी मुंबईहून विमानानं आली आणि धुरी नाही, गोदाम नाही, थेट घरी जाऊन जेवायला बसली. बाया ओरडत होत्या, ‘तिला पण मिठात ठेवा!’ मंत्री सात वाजता रेडिओवर म्हणाला, सगळं काबूत आहे. क्लेमांसबाईनं रेडिओच्या तोंडावर बादली उपडी घातली. खूप दिवसांनी मी पोटभर हसलो.

आता मुद्द्याचं. नवा हुकूम निघालाय. ज्या भारतीय कामगारांना परत जायचं असेल त्यांच्यासाठी बारा डिसेंबरला एक विमान, फुकट. चाळीस जागा. नऊ तारखेपर्यंत नाव पक्कं करायचं. पण जो गेला तो गेला, बेटावर परत पाय ठेवायचा नाही.

मी नाव दिलंय. सध्या पेन्सिलीनं लिहिलंय, पक्कं करायला सही लागते. माझ्या मागे पंढरीनाथ आहे, आपल्या हातोदचा, इथे माझ्या शेजारच्या खाटेवर असतो. त्याचा नंबर एक्केचाळिसावा. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. रोज माझ्या तोंडाकडे बघतो.

खरं सांगू? प्रत्येक पत्र उघडताना वाटतं, तू ‘ये’ म्हणून लिहिलं असशील. इथे दुपारी काम नसतं, मी कापायच्या टेबलावर नुसता बसतो आणि इंदूरच्या गल्ल्या मोजतो. पण मिल बंद, अप्पा घरी, तुझ्या एकटीचा पगार, आणि मी येऊन पुन्हा विजय नगरकडच्या त्या रेडिमेडवाल्याच्या दुकानात उभा राहू? अप्पांची तब्येत, आपलं, अप्पांचं सगळं छान आहे तोवर मी थांबू शकतो. नसेल तर मी येतो. एवढंच मला तुझ्याकडून कळायला हवं.

आणि अप्पांचं माप पाठव. कपाटात एक पांढरा तागा जळायचा राहिलाय, क्लेमांसबाईनं लपवून ठेवला होता. त्याचा एक सदरा कापतो. चाळीस छाती मला माहीत आहे, पण कॉलर-बाही तू घे.

रत्नू


इंदूर
२६ नोव्हेंबर १९९४

प्रिय रत्नू,
जयभीम.

तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं. विमानाचं ऐकलं आणि मला जवळ बोलावून शपथ घातली. म्हणाले, त्याला बोलवायचं नाही. मास्टर झालाय पोरगा, माझ्यापायी त्याच्या हातातली कात्री सोडवायची नाही. तू ‘ये’ लिहिलंस तर मला तोंड दाखवू नकोस. तेव्हा मी तुला बोलावत नाही. अप्पांचा शब्द मी आजवर मोडला नाही, तूच मोडत आलास, आणि मी तुझी बाजू घेत आले.

तू माप मागितलंस. ते द्यायला शपथ नाही.

तुझ्याच टेपनं घेतलं, जी तू खुंटीवर टांगून गेलास.

लांबी तीस.
बाही चोवीस.
छाती बत्तीस.
कॉलर तेरा.

दोनदा घेतलं. पहिल्यांदा मलाही खरं वाटलं नाही, म्हणून पुन्हा घेतलं. अप्पा म्हणाले, किती मोजतेस, मी काय तागा आहे? रत्नू, आकडे नीट वाच. सावकाश वाच. मी सतरा वर्षं पोरांना गणित शिकवते आहे.

बाकी सगळे छान आहेत.

ताई


सांत मोरेल
१० डिसेंबर १९९४

ताई,
जयभीम.

अगं, गणिताची बाई तू आणि टेप धरता येईना! बत्तीस छाती? ती अप्पांची की शोभनाकाकूच्या कोंबडीची? मी आणि पंढरीनाथ इतके हसलो की बराकीतली माणसं बघायला आली. तुझी टेप पाठीमागे घसरली असणार, शंभर टक्के. लांबी आणि बाही बरोबर आलीय, घेरच तेवढा चुकलाय. माणसाला मागून टेप फिरवताना एक हात मागे लागतो, तू एकटीनं केलंस, म्हणून हा घोटाळा. काही हरकत नाही. मला अप्पा पाठ आहेत. मिलमधून येऊन सदरा काढायचे आणि मी पाठीवरची रुई झटकायचो, ती पाठ मी विसरेन? छाती चाळीस, कॉलर साडेपंधरा. दुरुस्त करून कापला.

मी सही केली नाही. तुझं पत्र सात तारखेला मिळालं. ‘ये’ नव्हतं. दोनदा उलटून पाहिलं, मागच्या बाजूलाही. नव्हतं. अप्पांच्या शपथेचं म्हणशील, तर ते त्यांचं जुनंच आहे. मी निघालो तेव्हाही स्टेशनवर आले नव्हते, आठवतं? ‘सगळे छान आहेत’ हे मात्र होतं. मग काल कचेरीत जाऊन माझं नाव खोडलं. पंढरीनाथानं तिथेच माझे पाय धरले, मला कसंनुसं झालं. माझ्या जागेवर तो येतोय. सदरा त्याच्याबरोबरच देतो, हातोदला जाण्याआधी तो तुमच्याकडे येईल. त्याला पोहे-जलेबी दे. तो रोज त्याचंच बोलतो.

परवा तो गेला की शेजारची खाट रिकामी. बराकीत आता आम्ही अकरा जण उरू. बरं नाही वाटत, पण होईल सवय.

सदरा अंगावर कसा बसला ते लगेच लिही.

रत्नू


सांत मोरेल
३० डिसेंबर १९९४

ताई,

काल पत्रं वाचायचं बंद झालं. भिंतीवरची यादी काढली. कारकून मला रस्त्यात भेटला, हात जोडले, म्हणाला, आपकी बहन की लिखावट बहुत अच्छी है.

मंत्र्यानं रेडिओवर स्वतःचं अभिनंदन केलं. बेटावर प्लेगचा एकही रोगी झाला नाही, हा म्हणे सरकारचा विजय. क्लेमांसबाई म्हणाली, बेटावर वाघही नाहीत, त्याचंही श्रेय घ्या म्हणावं.

पंढरीनाथ पोचला असेल. तो जाऊन अठरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. आता तू काहीही लिहू शकतेस. बुखार, खोकला, सगळं. ‘छान’ लिहायची सक्ती नाही. सदरा बसला का?

रत्नू


इंदूर
१२ जानेवारी १९९५

रत्नू,

टेप चुकली नव्हती.

अप्पा गेले. एकवीस डिसेंबरला, सकाळी, चहाच्या वेळेला. मी तार करायला गेले होते. फॉर्म भरला आणि फाडून टाकला. तुझ्या त्या कचेरीतल्या माणसानं ते तुझ्याआधी वाचावं, हे मला सहन झालं नाही. आज तुझं पत्र आलं, आज लिहिते.

छातीचा फोटो ऑक्टोबरातच काढला होता. दोन्ही बाजू गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, रुई आहे ही, एकतीस वर्षांची, वर आता टीबी धरलाय. मी तुला काय लिहिणार होते? यादीतल्या अकरापैकी नऊ शब्द मला लागले असते. दिवाळीपर्यंत ते उठून बसत होते, नंतर मीच धरून बसवायची. बसवूनच माप घेतलं. टेप पाठीमागे घसरली नाही रे. मी त्यांना एका हातानं कवेत धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं टेप फिरवली, आणि टेप फिरून लगेच परत आली. तेव्हा मला वाटलं, चला, हे लिहिता येईल. हे कुठल्या यादीत नाही. हा आकडा कोणालाही कळणार नाही आणि माझ्या भावाला बघताक्षणी कळेल.

तुझं हसण्याचं पत्र पंढरीनाथानंच आणलं, सदऱ्याबरोबर. तो सतराला आला. दारातून आत आला, अप्पांना पाहिलं, आणि चपला न काढताच त्यांच्या पायाशी बसला. पोह्यांना हात लावला नाही. जाताना मला म्हणाला, दीदी, ही जागा माझी नव्हती. मी त्याला म्हटलं, भिया, तुझं काही चुकलं नाही, घरी जा, बायको वाट बघते. त्याला मुलगी झाली, कळलं मागाहून.

तो गेल्यावर मी तुझं पत्र वाचलं. कोंबडीचं वाचलं. तुझा इतका राग आला, रत्नू, की तो सदरा मी चुलीत घालायला निघाले होते. मास्टर म्हणे! मग माझाच राग आला. एक अक्षर लिहायचं होतं, ‘ये’. अप्पांनी तोंड पाहिलं नसतं चार दिवस, मग पाहिलं असतं. शपथेमागे लपले मी. मला वाटत होतं, तू आपणहून ओळखावंस आणि आपणहून यावंस, म्हणजे शब्दही मोडला नाही आणि तूही आलास. गणिताच्या बाईनं असं गणित मांडलं.

आता सदऱ्याचं ऐक. अप्पांनी विचारलं, काय आणलं? मी दाखवला. कापड दोन बोटांत धरून चोळलं, नेहमीसारखं, म्हणाले, विणकाम बरं आहे, आपल्या मिलचं याहून घट्ट होतं. मग म्हणाले, घाल. मी म्हटलं, अप्पा, मोठा झालाय. तरी घाल. मी घातला. दोन अप्पा मावले असते त्यात, रत्नू. कॉलर खांद्यापर्यंत लोळत होती. मला रडू आवरेना आणि ते हसायला लागले. महिनाभरात पहिल्यांदा. म्हणाले, बघ, यशो, त्याला मी अजून चाळीसचाच दिसतो. शोभनाकाकू आली तर तिला म्हणाले, रतन ने काटा है, चालीस का. गेटवरच्या चौघांनाही तेच सांगितलं. चार दिवस अंगावरून काढू दिला नाही. तोच घालून नेलं त्यांना. बाह्या मी दोनदा दुमडल्या होत्या.

तुला हे लिहू की नको, असा विचार करत बसले होते. मग म्हटलं, आता काही लपवायचं नाही.

घरात मी ठीक आहे. नाही, ठीक नाही. शाळेतून येते, कुलूप काढते, आणि चहा दोन कप होतो हातून. खुंटीवर टेप आहे तुझी.

यशोधरा


सांत मोरेल
२८ जानेवारी १९९५

ताई,

तुझं पत्र परवा आलं. भोकं नव्हती, वास नव्हता, अगदी स्वच्छ कागद होता.

मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतो. टेप चुकते तेव्हा सगळीकडे चुकते. लांबी बरोबर, बाही बरोबर आणि घेर कमी आला, तर टेपला दोष द्यायचा नाही, माणसाकडे बघायचं. हे मी, तुझा भाऊ, फळ्यावर लिहून शिकवतो. तुझे चार आकडे समोर होते, आणि मी हसत होतो.

तू ‘ये’ लिहिलं नाहीस म्हणून स्वतःला लावून घेऊ नकोस. लिहिलं होतंस. आकड्यांत लिहिलं होतंस, दोनदा मोजून. मीच खोडलं आणि चाळीस केलं. मला बत्तीसचे अप्पा नको होते, ताई. ते असू शकतात हे डोक्यातच घेतलं नाही. या बेटाच्या सरकारला मी चार महिने शिव्या घालतोय, आणि माझं काय वेगळं झालं?

क्लेमांसबाईला सांगितलं. तिला भाषा येत नाही माझी, पण टेप घेऊन दाखवलं, चाळीस, मग बत्तीस. ती तोंडावर पदरासारखा एप्रन घेऊन रडली. मग त्या ताग्याचा उरलेला तुकडा काढून दिला. काल दुपारी खात्यात कुणी नव्हतं. मी टेबल पुसलं आणि कापायला बसलो. लांबी तीस, बाही चोवीस, छाती बत्तीस, कॉलर तेरा. एक सूतही इकडेतिकडे नाही. शिवला, इस्त्री केली. पंढरीनाथाच्या खाटेवर ठेवलाय. तिथे कुणी झोपत नाही.

मे महिन्यात माझा करार संपतो. पुढचा करणार नाही. मी येतोय. बोलावू नकोस आणि अडवूही नकोस.

तोवर एक कर. पांढरं कापड आणखी दोन वार निघतंय. खुंटीवरची टेप काढ, शोभनाकाकूला मागून धरायला सांग, आणि तुझं माप पाठव. तू नीट जेवत नसशील, मला माहीत आहे. जे आकडे येतील तेच लिही. तेच कापीन.

रत्नू